टाकीचा पीएच कंट्रोलर: प्रोब कॅलिब्रेशनच्या नोंदी

६ जानेवारी

मत्स्यालयाची टाकी जुनी, कंट्रोलर नवा. १२० लिटर पाणी, भरपूर वनस्पती, वीसेक टेट्रा, थोडी कोळंबी. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आजवर टायमरवर चालायचा: दिवे लागण्याआधी तासभर सुरू, दिवे जाण्याआधी तासभर बंद. आता ते काम पीएचवर, म्हणजे पाण्याच्या आम्लतेच्या मापावर, सोपवायचंय. वायू पाण्यात विरघळला की पीएच उतरतो. ठरलेल्या आकड्याखाली गेला की सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप करणारा नळ) बंद, वर चढला की सुरू. कल्पना एवढीच. पण सगळा भार एका आकड्यावर येणार, म्हणून पीएच मोजणारा प्रोब टाकीत सोडण्याआधी ही वही उघडली.

टेबलावर आत्ता आहे ते असं: ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर, व्होल्टचे आकडे करणारी एडीएस१११५ ही चिप, तापमानासाठी डीएस१८बी२०, एक रिले आणि प्रोबचा सिग्नल वाढवायला एलएमपी७७२१ हा ऑप-ॲम्प. बाकीचे भाग कुठलेही चालतील, ऑप-ॲम्प मात्र नाही चालणार. पीएच प्रोबच्या टोकाला काचेचा पातळ बल्ब असतो आणि सिग्नल त्या काचेतूनच येतो. काचेचा रोध शंभर-दोनशे मेगाओहम. खणात पडलेला एलएम३५८ लावला तर त्याचा दहा-वीस नॅनोअँपिअरचा बायस करंट (इनपुटला लागणारा करंट) या रोधातून जाताना एक ते चार व्होल्ट पाडेल, आणि आपल्याला मोजायचेत मिलिव्होल्ट! एलएमपी७७२१ चा बायस करंट तीन फेम्टोअँपिअरच्या आसपास असतो, म्हणजे काचेला त्याचा पत्ताही लागत नाही. काचेचा इलेक्ट्रोड १९०९ पासून माहीत होता, पण १९३४ मध्ये अर्नोल्ड बेकमन यांनी लिंबाच्या रसाची आम्लता मोजायला व्हॅक्यूम ट्यूबचा ॲम्प्लिफायर जोडला, त्यानंतर तो रोजच्या वापरात आला. अडचण तेव्हाही हीच होती, काच बोलते फार हळू.

सर्किटचा मध्यबिंदू १.६५ व्होल्ट, गेन तीन, म्हणजे सिग्नल तिप्पट होतो. एडीएस१११५ ची एक पायरी ०.१२५ मिलिव्होल्टची, म्हणजे प्रोबपाशी ०.०४. पीएचमध्ये हजाराव्या भागाहूनही कमी. हे बघून छाती फुगवायचं कारण नाही. प्रोब दोन शतांशांपर्यंत जरी खरं बोलला तरी पुष्कळ.

७ जानेवारी

आज प्रोब लावलाच नाही. बीएनसीच्या, म्हणजे प्रोबची केबल लागते त्या जोडाच्या, मधल्या छिद्रातून बाहेरच्या कड्यापर्यंत तारेचा तुकडा वाकवून बसवला. ही शून्य मिलिव्होल्टची खूण. १.६५०० यायला हवं होतं, आलं १.६५३१. आउटपुटला ३.१, म्हणजे प्रोबपाशी एक मिलिव्होल्ट. हा सर्किटचा स्वतःचा दोष. तो वेगळा नोंदवून कोडमध्ये वजा केला, नाहीतर पुढे प्रोबच्या नावावर जमा झाला असता. रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी ०.२ मिलिव्होल्टचा फरक. चालेल.

मग तार काढली. उघड्या बीएनसीवर आकडा वाट्टेल तिकडे धावतो. खुर्ची मागे सरकवली तर शंभर मिलिव्होल्ट, हात नेला तर तीनशे. बघायला गंमत वाटते, आणि उपयोगही आहे: केबल निसटली की असं दिसतं हे डोळ्यांना कळून राहतं.

१३ जानेवारी

प्रोबचं टोपण काढलं. आत-बाहेर पांढरी पुटं चढलेली. ते साठवणीच्या द्रावणातलं पोटॅशियम क्लोराइड, सुकून बसलेलं. प्रोब खराब नाही. डिस्टिल्ड पाण्याने धुऊन टिश्यूने नुसतं टिपून घेतलं. पुसायचं नाही, काच घासली की तिच्यावर स्थिर विद्युतभार बसतो आणि आकडा बराच वेळ भलतीकडे राहतो.

बफरच्या, म्हणजे पीएच आधीच माहीत असलेल्या द्रावणांच्या, पुड्या प्रत्येकी २५० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवल्या. छोट्या झाकणाच्या बाटल्या भरून त्या टाकीतच तरंगत सोडल्या, अर्ध्या तासात बफर आणि टाकीचं पाणी एकाच तापमानाला, २५ अंशांवर. वेगळा हीटर नको, हिशेब नको.

प्रोग्रॅमची अट अशी की साठ सेकंदांत वाचन ०.३ मिलिव्होल्टपेक्षा जास्त हललं तर तो बिंदू घ्यायचाच नाही. ही अट घातली ते बरं केलं. माणूस कंटाळतो आणि 'झालं असेल स्थिर' म्हणून बटण दाबतो.

सातच्या बफरमध्ये १४.३ मिलिव्होल्ट. चारच्या (४.०१) बफरमध्ये १७९.६. फरक १६५.३. भागिले २.९९, उत्तर ५५.३ मिलिव्होल्ट प्रति पीएच. हाच प्रोबचा उतार.

२५ अंशांना आदर्श उतार ५९.१६ असतो. ५५.३ म्हणजे ९३.५ टक्के. नव्या कोऱ्या प्रोबचा उतार ९५ च्या वर हवा. बफर बदलून पुन्हा केलं, तेच. प्रोब तासभर पोटॅशियम क्लोराइडमध्ये भिजवून पुन्हा केलं, तेच. माल जुना निघाला की काय, असं मनात धरून झोपलो.

१४ जानेवारी

प्रोब अगदी ठीक आहे. चूक माझी.

रिकामी पुडी कचऱ्यातून काढून वाचली. तिच्यावर ६.८६ लिहिलंय, ७.०० नाही. दोन्ही 'सातचे बफर' म्हणून ओळखले जातात, दोन्ही फॉस्फेटचेच, बाटल्यांत तयार मिळतं ते बहुधा ७.००, पुडीतलं बहुधा ६.८६. मी कोडमध्ये डोळे झाकून ७.०० घातलं होतं.

पुन्हा हिशेब: ६.८६ वजा ४.०१ म्हणजे २.८५. १६५.३ भागिले २.८५, उतार ५८.०. म्हणजे ९८ टक्के. सात पीएचला ऑफसेट, म्हणजे शून्यापासूनचा फरक, ६.२ मिलिव्होल्ट, तीसच्या आत म्हणजे उत्तम.

ही चूक टाकीत किती महाग पडली असती तेही काढून बघितलं. कंट्रोलरने ६.६० दाखवेपर्यंत वायू सोडला असता आणि पाणी खरोखर ६.४८ ला पोचलं असतं. माझ्या पाण्याची कार्बोनेट कठीणता, म्हणजे केएच, ४ आहे. त्या हिशेबाने लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या जागी ४० मिलिग्रॅम वायू. मासे लगेच मेले नसते, पण कशामुळे सुस्तावलेत ते मी महिनाभर शोधत बसलो असतो.

बफरचं मूल्य आता कोडमध्ये आपोआप भरलं जात नाही. दर वेळी पुडीवरचा आकडा बघून हाताने टाइप करायचा.

२० जानेवारी

प्रोब टाकीत. सक्शन कपवर उभा, बल्ब खाली, दिव्यापासून लांब, बुडबुड्यांच्या वाटेत नाही, पण पाणी वाहतं राहील असा.

आणि आकडा नाचतोय. ७.४२ वर बसलेला असतो, मध्येच ७.७३ होतो, दहा मिनिटांनी पुन्हा खाली. त्याच टाकीचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन प्रोब त्यात ठेवला तर तसूभरही हलत नाही.

एकेक प्लग काढत गेलो. दिवे काढले, फरक नाही. फिल्टर काढला, किंचित थरथर कमी. हीटर काढला आणि आकडा शांत. पाणी आणि अर्थिंग यांच्यात मल्टिमीटर धरला: हीटर सुरू असताना एसी ३८ व्होल्ट, काढल्यावर ३. अशा उच्च रोधाच्या मीटरवर दिसणारे व्होल्ट बऱ्याचदा नुसत्या कपॅसिटिव्ह गळतीचे असतात, करंट नगण्य. पण 'बऱ्याचदा' या शब्दावर हात पाण्यात घालायचा नसतो. टाकीच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे, त्याचं टेस्टचं बटण दाबून पाहिलं, पडला. हीटरची काच आणि केबलही नीट तपासली. तरी पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढायचे हा नियम.

२१ जानेवारी

ईएसपी३२ ॲडॉप्टरवरून काढून पॉवर बँकेवर लावला. हीटर सुरू, फिल्टर सुरू, आणि आकडा ७.४२ वर बसलेला.

निदान झालं. प्रोबचा संदर्भ इलेक्ट्रोड पाण्याला जोडलेला असतो. सर्किटची ग्राउंड ॲडॉप्टरमधून मेनशी नातं ठेवून असते. पाण्यातली गळती प्रोबमधून वाट काढून तिकडे जाते, आणि जाताना संदर्भ हलवते. १८ मिलिव्होल्ट हलला की पीएच ०.३ हलला. मी मात्र काल सॉफ्टवेअरमध्ये मीडियन फिल्टर (अनेक वाचनांतलं मधलं निवडणारा) लावून ही थरथर घोटून काढायच्या विचारात होतो. घोटली गेली असती आणि चुकीचा आकडा गुळगुळीत होऊन समोर आला असता.

२८ जानेवारी

प्रोबची बाजू विद्युतदृष्ट्या तोडली. पुरवठ्यासाठी एक वॅटचा आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर, आयटूसी या डेटाच्या तारांसाठी आयएसओ१५४०. ऑप-ॲम्प आणि एडीएस१११५ आता एका बेटावर, बाकी सगळं दुसरीकडे. बोर्डावर दोन ग्राउंडमध्ये आठ मिलिमीटरची मोकळी पट्टी ठेवली. कन्व्हर्टरचा स्वतःचा गोंगाट आउटपुटला येत होता, तो एका छोट्या रेग्युलेटरने आणि दोन कपॅसिटरने गेला.

हीटर सुरू-बंद, फरक ०.२ मिलिव्होल्ट. मीडियन फिल्टरही ठेवलाय, २१ वाचनांचा. आता त्याला पोसायला चांगलं अन्न आहे.

३ फेब्रुवारी

तापमान भरपाईच्या कोडवर दोन संध्याकाळी घातल्या, आणि कागदावर गणित मांडल्यावर हसू आलं.

प्रोबचा उतार तापमानाबरोबर बदलतो: २० अंशांना ५८.१७, २५ ला ५९.१६, ३० ला ६०.१५. पण हा सगळा बदल पीएच ७ भोवती फिरतो. सातपाशी तो शून्य, सातपासून जितकं लांब जाल तितका मोठा. माझी टाकी ६.६ वर, म्हणजे सातपासून फक्त ०.४ लांब. पाणी २५ चं ३० अंश झालं तरी चूक ०.००७. दिसणारसुद्धा नाही. आम्लाच्या बाटलीत मोजत असतो तर गोष्ट वेगळी.

शिवाय भरपाई फक्त प्रोबच्या उताराची होते. तापमानाने पाण्याचा पीएच खरोखर बदलला तर तो बदल तसाच दिसतो, आणि दिसायलाच हवा. डीएस१८बी२० ठेवलाय, हीटर अडकला तर कळायला बरा. भरपाईचं कोडही राहू दे, लिहून झालंच आहे.

बफरच्या बाबतीत मात्र तापमान बघावं लागतं. ६.८६ चा बफर २० अंशांना ६.८८ असतो, ९.१८ चा तर ९.२२. ४.०१ वाला जवळपास जागचा हलत नाही. बाटल्या टाकीत तरंगवल्या की २५ अंशांचाच आकडा लागू पडतो, म्हणून ती युक्ती मला आवडते.

४ फेब्रुवारी

लक्ष्य ठरवायचं. सूत्र सगळ्यांना पाठ असतं: कार्बन डायऑक्साइड बरोबर ३ गुणिले केएच गुणिले १० चा (७ वजा पीएच) घात. केएच ४ आणि पीएच ६.६ घातले की लिटरमागे ३० मिलिग्रॅम. वनस्पतींना भरपूर, माशांना सोसणारं.

सूत्राची पाचर अशी की पाण्यातली सगळी क्षारता कार्बोनेटचीच आहे असं ते धरून चालतं. टाकीत फॉस्फेट असलं, लाकडातून उतरलेली आम्लं असली की आकडा फसवा. म्हणून दोन साक्षीदार ठेवले. एक ड्रॉप चेकर: काचेच्या छोट्या कुपीत मोजून केएच ४ केलेलं पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लू. निळं म्हणजे वायू कमी, हिरवं म्हणजे तीसच्या आसपास, पिवळं म्हणजे जास्त. त्याला रंग बदलायला तास-दोन तास लागतात, तेवढी सवड द्यायची. दुसरा साक्षीदार म्हणजे रात्रभर उघड्या पेल्यात ठेवलेलं टाकीचं पाणी. हवेशी बरोबरी झालेल्या त्या पाण्याचा पीएच ८.२ आला, सूत्राने लिटरमागे पाऊण मिलिग्रॅम. हवेशी समतोल झालेल्या पाण्यात साधारण तेवढाच असतो. सूत्र माझ्या पाण्याला लागू पडतंय.

रात्री व्हॉल्व्ह बंद असतो, तेव्हा टाकी ७.५-७.६ पर्यंत चढते. लक्ष्य ६.६०. व्हॉल्व्ह ६.५५ ला बंद, ६.६५ ला सुरू.

१० फेब्रुवारी

आठवडाभर निवांत. ड्रॉप चेकर हिरवा. लिहिण्यासारखं काही नाही.

२ मार्च

काल संध्याकाळी काचेवरचं शेवाळ खरवडलं. आज सकाळी नऊला व्हॉल्व्ह उघडला, मी दुसऱ्या कामात. दुपारी एकच्या सुमारास मुलगी आली.

"बाबा, मासे सगळे वर आलेत. तोंड उघडझाप करतायत."

टेट्रा रांगेने पृष्ठभागाला चिकटलेले, कल्ले भराभर हलतायत. ड्रॉप चेकर लिंबासारखा पिवळा. स्क्रीनवर पीएच ७.१०. सूत्राने लिटरमागे दहा मिलिग्रॅमसुद्धा नाही. स्क्रीन म्हणतेय वायू कमी आहे, आणि मासे गुदमरतायत.

सिलिंडरची मुख्य चावी बंद. सगळे प्लग काढून फिल्टरचं तोंड पृष्ठभागावर उचललं, मग फिल्टर सुरू. एअर पंपाचा दगड शोधून टाकला. तिसरा हिस्सा पाणी बदललं. थेंबांच्या किटने मोजलं तर रंग ६.२ च्या चौकटीशी जुळला, म्हणजे लिटरमागे ७५ मिलिग्रॅम! तासाभरात मासे खाली उतरले. दोन कोळंब्या गेल्या.

३ मार्च

कालच्या प्रोबची उत्तरतपासणी. ४.०१ च्या बफरमध्ये ०.९ मिलिव्होल्ट. ६.८६ मध्ये ०.३. डिस्टिल्ड पाण्यातही तसंच. कशातही बुडवा, उत्तर ७.१. भिंगाखाली बल्बच्या देठापाशी केसासारखी तडा दिसली. खरवडताना सक्शन कप निसटून प्रोब दगडावर टेकला होता, तेव्हाचीच. नुसत्या डोळ्यांना प्रोब धडधाकट.

बल्बच्या आत पीएच ७ च्या आसपासचं द्रावण असतं. आत आणि बाहेर यांच्यातला फरक काच व्होल्टमध्ये सांगते. काच तडकली की आतलं-बाहेरचं एक झालं, फरक शून्य. आणि शून्य मिलिव्होल्टचं भाषांतर माझा प्रोग्रॅम इमानाने करतो: ७.१.

मग बाकीचे बिघाड मांडून बघितले. केबलमध्ये शॉर्ट झाला तर शून्य मिलिव्होल्ट, ७.१. बीएनसीत ओल किंवा मीठ गेलं, समजा ५०० मेगाओहमची गळती झाली आणि प्रोबचा रोध २०० मेगाओहम आहे, तर सिग्नल आक्रसून ५०० भागिले ७००, म्हणजे ७१ टक्क्यांवर, पुन्हा सातकडे ओढ. प्रोब म्हातारा होऊन उतार पडला तरी सातकडेच ओढ. उघडी केबल तेवढी वेड्यासारखी धावते, ती लगेच ओळखू येते. बाकी सगळे रोग सातच्या दिशेने नेतात.

बिघडलेल्या प्रोबने ० किंवा १४ दाखवलं असतं तर शेंबडं पोरही ओळखेल. तो सात दाखवतो, आणि सात हा मत्स्यालयात अगदी सभ्य आकडा आहे. माझं लक्ष्य सातच्या खाली, म्हणून कंट्रोलरच्या दृष्टीने मेलेला प्रोब म्हणजे कायम उपाशी पाणी. टाकी उलट्या अंगाची असती, पीएच वाढवायचा असता, तर हाच बिघाड दुसऱ्या पद्धतीने बोलला असता.

रात्रीचा लॉग आता उघडून पाहिला. रोज रात्री चढणारी रेघ त्या रात्री ७.१० वर सुतासारखी सरळ होती. संध्याकाळी सातपासून सकाळी नऊपर्यंत चौदा तास प्रोब सांगत होता की मी गेलोय. ऐकणारं कुणी नव्हतं.

९ मार्च

आधी नळ, मग कोड. नीडल व्हॉल्व्ह इतका आवळला की सोलेनॉइड दिवसभर उघडा राहिला तरी पाणी फार खाली जाऊ नये. चार दिवस थोडं थोडं फिरवत, समोर बसून, किटने मोजत. आता दिवसभर उघडा ठेवला तर ६.५ ला स्थिरावतो, लिटरमागे ३८ मिलिग्रॅम. मासे शांत. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. कंट्रोलर आहे म्हणून मी नळ सैल सोडला होता.

कोडमध्ये दोन नियम. सकाळी व्हॉल्व्ह उघडल्यापासून अर्ध्या तासात पीएच ०.१ ने उतरला नाही तर व्हॉल्व्ह बंद, बझर सुरू, माणसाने बटण दाबेपर्यंत पुन्हा उघडायचा नाही. दुसरा, कुठल्याही तासाभरात मिलिव्होल्टचं वाचन एक मिलिव्होल्टही हललं नाही तर तेच. जिवंत प्रोब दिवसा व्हॉल्व्हच्या उघडझापीने पाच-सहा मिलिव्होल्ट वरखाली होत असतो, रात्री हळूहळू चढत असतो. पहाटे टाकी समतोलाला आली की हा दुसरा नियम खोटी ओरड करेल, म्हणून तो पहाटे तीन ते सातमध्ये गप्प ठेवलाय. तेव्हा व्हॉल्व्ह तसाही बंद असतो.

स्क्रीनवर पीएचच्या शेजारी आता मिलिव्होल्टही येतात, मोठ्या अक्षरात. पीएच हा माझ्या गणिताचा शब्द, मिलिव्होल्ट प्रोबचा.

१६ मार्च

नवा प्रोब. सक्शन कपाशिवाय, झाकणाला पक्क्या पकडीत. प्रोबभोवती जाळीची नळी लावली, दगडाशी गाठ नको.

६.८६ मध्ये ४.१, ४.०१ मध्ये १७१.१ मिलिव्होल्ट. उतार ५८.६, म्हणजे ९९.१ टक्के. सातला ऑफसेट उणे ४.१. कॅलिब्रेशनमध्ये न वापरलेला तिसरा बफर, ९.१८ चा, तपासणीसाठी: उणे १३०.६ आले, पीएच ९.१६. पास. तिसरा बफर गणितात घ्यायचा नाही, नुसता साक्षीला ठेवायचा हे मला जास्त पटतं. कॅलिब्रेशनला वापरलेल्या बफरमध्ये बरोबर उत्तर येणारच, त्यात नवल काय.

प्रोब ४.०१ मध्ये असताना बीएनसीवर दोनदा जोरात फुंकर घातली, तोंडाच्या वाफेची. १७१ चा आकडा १५८ पर्यंत घसरला आणि परत यायला दहा मिनिटं लागली. जोड आता टाकीच्या झाकणापासून दूर, वर, सिलिकोनच्या टोपणाखाली.

वापरलेले बफर मोरीत ओतले. बाटलीत परत ओतायचे नाहीत.

१३ एप्रिल

ऑफसेट उणे ६.८, उतार ५८.४. बल्बवर तपकिरी शेवाळाचा थर. सौम्य साबणाच्या पाण्यात मऊ ब्रश, भरपूर धुणं, मग तासभर ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये. ते घरीच केलं: २२.४ ग्रॅम, डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून एकूण १०० मिली. साफ करण्याआधीचं आणि नंतरचं, दोन्ही वाचनं लिहायची. आधीचं वाचन सांगतं गेला महिना टाकीत काय चाललं होतं, नंतरचं फक्त पुढच्यासाठी.

२५ मे

दहा आठवडे. ऑफसेट उणे ९.५, उतार ५७.९, म्हणजे ९७.९ टक्के. उतार फारसा पडत नाही, ऑफसेट सरकतो. संदर्भ इलेक्ट्रोडच्या जोडावर घाण बसते, आतलं क्षार हळूहळू बाहेर झिरपतं, म्हणून. मार्चपासून हात लावला नसता तर आज ६.६० दाखवताना पाणी ६.५० वर असतं, तीसच्या जागी ३८ मिलिग्रॅम. म्हणून दर महिन्याला ६.८६ चा एकच बिंदू आणि तीन महिन्यांनी दोन बिंदू अधिक ९.१८ ची साक्ष, असा बेत. उतार ९० टक्क्यांखाली गेला की प्रोब बदलायचा, मग तो कितीही शहाण्यासारखं बोलू दे.

२६ मे

तडकलेला प्रोब टाकून दिला नव्हता. त्याच्या केबलला चिकटपट्टी लावून '७.१' लिहून ठेवलंय. आज चांगला प्रोब काढून द्रावणात ठेवला आणि त्याच्या जागी हा जोडला. ९:०४ ला व्हॉल्व्ह उघडला. स्क्रीनवर ६.८ (कॅलिब्रेशन नव्या प्रोबचं), शेजारी ०.६ मिलिव्होल्ट. ९:३४ ला सोलेनॉइडचा टक् असा आवाज, बुडबुडे थांबले, बझर सुरू. मी घड्याळ आणि लॉग ताडून बघत उभा राहिलो.

"बाबा, कळलं. बंद करा आता ते."